खेळाडू बदलला, संघ किती बदलेल?

व्यावसायिक कबड्डीचा लिलाव संपला की पुढच्या हंगामात कोणता संघ कितव्या क्रमांकावर राहील याची चर्चा सुरू होते, आणि ती केवळ वृत्तवाहिन्यांपुरती राहत नाही. नांदेडच्या श्री गुरू गोविंदसिंघजी स्टेडियमच्या परिसरात, लातूरच्या क्रीडा संकुलात, अहमदपूर, उदगीर, मुखेड, कंधार या भागांतल्या गावोगावच्या मैदानांवरही ती तितक्याच हिरिरीने चालते. या चर्चेचा सारा रोख बहुधा एकाच प्रश्नावर असतो, तो म्हणजे नव्याने आलेला खेळाडू किती मोठा आहे. खेळांच्या संख्याशास्त्राने मात्र गेल्या काही दशकांत हे पुरेसे स्पष्ट केले आहे की या प्रश्नाची पाळी बरीच नंतर येते. संघात जे बदललेले नाही त्याची किंमत आधी ठरवावी लागते, मग गेल्या वर्षीच्या यशापयशात दैवाचा वाटा किती होता हे पाहावे लागते, आणि त्यानंतरच नवा खेळाडू कोणाच्या जागी येतो आहे याचा हिशेब मांडता येतो.

हंगाम संपल्यावर आणि नवा सुरू होण्याआधी खेळाडूंची जी अदलाबदल होते ती मुळात अमेरिकेतील व्यावसायिक खेळांची पद्धत आहे. तेथील बास्केटबॉलमध्ये दोन संघ परस्परांत खेळाडू बदलतात, त्याला ट्रेड म्हणतात. आपल्याकडे आयपीएलमध्ये लिलावाच्या जोडीला ही सोय आहे, तर प्रो कबड्डीत खेळाडू प्रामुख्याने लिलावातून हात बदलतात. मराठवाड्यातील जत्रा आणि उरुसांच्या निमित्ताने भरणाऱ्या खुल्या सामन्यांतही रोख बक्षिसासाठी बाहेरगावचे एकदोन चांगले खेळाडू आणून संघ उभा करण्याची पद्धत जुनीच आहे, त्यामुळे हा विषय येथील प्रेक्षकाला परका नाही. बाहेरून आणलेला नावाजलेला चढाईपटू असूनही गावचा संघ पहिल्याच फेरीत बाद झाल्याचे ज्याने पाहिले आहे, त्याला या प्रश्नाचा गाभा निम्मा तरी कळलेला असतो.

या विषयावर अलीकडच्या काळात सर्वांत बोलके उदाहरण घडले ते महाराष्ट्राच्याच एका संघाच्या बाबतीत. इराणचा मोहम्मदरेझा शादलुई हा डाव्या कोपऱ्याचा रक्षक. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईत झालेल्या लिलावात पुणेरी पलटणने त्याला २ कोटी ३५ लाख रुपयांना घेतले. त्या दहाव्या हंगामात पुण्याने २२ साखळी सामन्यांपैकी १७ जिंकले, केवळ २ गमावले, गुणतक्त्यात पहिला क्रमांक मिळवला आणि १ मार्च २०२४ रोजी हैदराबादमध्ये हरयाणा स्टीलर्सचा २८-२५ असा पराभव करून पहिलेच विजेतेपद पटकावले. शादलुईने त्या हंगामात पकडींचे ९९ गुण मिळवले. पुढच्या लिलावात हरयाणाने त्याला २ कोटी ७ लाखांना घेतले, आणि डिसेंबर २०२४ मध्ये पुण्याच्याच बालेवाडीत पाटणा पायरेट्सला ३२-२३ असे नमवून हरयाणा विजेता ठरला; गतविजेत्या पुण्याला मात्र पहिल्या सहांतही स्थान मिळाले नाही. जिकडे शादलुई तिकडे चषक, असा समज त्यातून पसरला तर नवल नाही.

हा समज तपासायचा तर त्याच खेळाडूचे आधीचे आणि नंतरचे हंगामही पाहावे लागतात. २०२१-२२ मध्ये तो पाटण्याकडे होता, पकडींत स्पर्धेत अव्वल ठरला आणि पाटणा अंतिम सामन्यात दबंग दिल्लीकडून एका गुणाने हरला. त्यानंतरच्या हंगामात तो पाटण्यातच होता, त्याच्या पकडीही फारशा घटल्या नव्हत्या, पण पाटणा बाद फेरीत पोचू शकला नाही. २०२५ मध्ये गुजरात जायंट्सने त्याच्यासाठी २ कोटी २३ लाख मोजले आणि गुजरातला पहिल्या आठांतही जागा मिळाली नाही. म्हणजे एकाच दर्जाचा खेळाडू पाच हंगामांत उपविजेत्या, तळाकडच्या, विजेत्या, पुन्हा विजेत्या आणि पुन्हा तळाकडच्या संघात खेळलेला दिसतो. जो घटक प्रत्येक वेळी जवळपास सारखाच होता त्याने हा फरक समजावून सांगता येत नाही. फरकाचे कारण उरलेल्या सहा जागांत शोधावे लागते.

पुण्याचा संघ शादलुई येण्याच्या आदल्या वर्षीच अंतिम सामन्यापर्यंत गेलेला होता, ही गोष्ट त्या वेळच्या चर्चेत मागे पडली. डिसेंबर २०२२ मध्ये मुंबईत जयपूर पिंक पँथर्सने पुण्याला ३३-२९ असे हरवले तेव्हा अस्लम इनामदार, मोहित गोयत, आकाश शिंदे, पंकज मोहिते हे तरुण चढाईपटू आणि संकेत सावंत, अबिनेश नादराजन, गौरव खत्री हे रक्षक संघात तयार झालेले होते, आणि संघाने त्यांना सोडले नाही. शिवाय शादलुईच्या आधी डाव्या कोपऱ्यात कोणी नवखा खेळाडू नव्हता. तेथे इराणचाच फझल अत्राचली होता, ज्याच्यासाठी पुण्याने वर्षभरापूर्वी १ कोटी ३८ लाख मोजले होते. त्यामुळे शादलुईमुळे पुण्याला मिळालेला नफा म्हणजे शादलुईच्या सगळ्या पकडी असे धरता येत नाही. शादलुई आणि अत्राचली यांच्यातील फरक, एवढाच तो नफा. संख्याशास्त्रात याला बदली खेळाडूच्या तुलनेतील मूल्य म्हणतात. खेळाडूची किंमत शून्यापासून मोजायची नसते. तो नसता तर त्या जागी जो सहज मिळाला असता त्याच्यापासून पुढे मोजायची असते.

हाच हिशेब उलट बाजूने मांडला की पुण्याच्या पुढच्या वर्षीच्या घसरणीचे कोडे शादलुईच्या जाण्याने थोडेच सुटते. ९९ पकडगुण म्हणजे सामन्यामागे साधारण चार. समजा त्याच्या जागी आलेल्या बऱ्यापैकी कोपरारक्षकाने सामन्यामागे अडीच गुण मिळवले, तर संघाचे नुकसान सामन्यामागे दीड गुणाचे; पकड चुकल्यामुळे जाणारे गुणही धरले तर फार तर दोन ते तीन गुणांचे. दहाव्या हंगामात पुणे सामन्यामागे सरासरी दहाहून अधिक गुणांनी पुढे राहत होते. त्यातून तीन गुण वजा केले तरी संघ पहिल्या दोनतीन क्रमांकांत राहायला हवा होता. तो राहिला नाही, कारण अहिल्यानगर जिल्ह्यातून पुढे आलेला कर्णधार अस्लम इनामदार गुडघ्याच्या दुखापतीने हंगामाच्या पूर्वार्धातच बाहेर गेला आणि चढाई व बचाव या दोन्ही अंगांचा दुवा निखळला. याला तिसरेही एक कारण आहे, आणि सामान्य वाचकाला ते सर्वांत कमी परिचयाचे असते.

ते कारण म्हणजे सरासरीकडे परतण्याची प्रवृत्ती. कोणत्याही संघाचा असामान्य हंगाम दोन गोष्टींतून घडतो. एक त्याची खरी ताकद आणि दुसरी त्या वर्षी अनुकूल पडलेले दान, म्हणजे दुखापती न होणे, शेवटच्या चढाईत मिळालेला बोनस गुण, पंचांकडे मागितलेल्या दाद-निर्णयाचा कौल. ताकद बरीचशी पुढच्या वर्षी सोबत येते, दान येत नाही. म्हणून २२ पैकी १७ सामने जिंकणाऱ्या संघाबद्दल, एकही खेळाडू बदललेला नसतानाही, पुढच्या वर्षीचा प्रामाणिक अंदाज १७ पेक्षा कमीचाच असायला हवा; आणि तळाच्या संघाबद्दलचा अंदाज त्याच्या गेल्या वर्षीच्या विजयांपेक्षा अधिकचा. चाहत्यांना पहिली गोष्ट अपमानास्पद वाटते आणि दुसरी खोटे सांत्वन वाटते, पण मोठ्या संख्येने हंगाम तपासले की ही प्रवृत्ती स्पष्ट दिसते.

दान आणि ताकद वेगळे करण्याचा एक मार्ग अमेरिकेतील बेसबॉलचे अभ्यासक बिल जेम्स यांनी दाखवला. जिंकलेले सामने मोजण्याऐवजी संघाने एकूण किती गुण केले आणि किती दिले यांचे गुणोत्तर पाहिले तर पुढचा अंदाज अधिक नेमका येतो, हे त्यांच्या सूत्राचे सार. डॅरिल मोरी यांनी तेच सूत्र बास्केटबॉलला लावले आणि गुणोत्तराचा घात जवळपास १४ ठेवला. एखादा संघ सामन्यामागे ११० गुण करतो आणि १०५ देतो असे धरले, तर या सूत्राने ८२ सामन्यांत त्याचे सुमारे ५४ विजय निघतात. प्रत्यक्षात त्याने ६० जिंकले असतील तर वरचे सहा विजय निसटत्या सामन्यांतले समजावेत आणि पुढच्या वर्षी त्यांच्यावर भिस्त ठेवू नये. कबड्डीला हाच घात जसाच्या तसा लावता येत नाही, कारण गुण मिळण्याची रीत निराळी आहे आणि प्रतिस्पर्ध्याचे सातही खेळाडू बाद केल्यावर मिळणारा लोण, म्हणजे दोन जादा गुण, सामन्याचे पारडे एकदम फिरवतो. तरीही विजयांच्या रकान्याऐवजी गुणांच्या फरकाचा रकाना आधी वाचावा, हे तत्त्व कबड्डीतही तितकेच लागू पडते.

बास्केटबॉलमध्ये एका खेळाडूच्या येण्याजाण्याने संघ जितका हलतो तितका अन्य सांघिक खेळांत क्वचित हलतो, याचे कारण मैदानावर एका बाजूला पाचच खेळाडू असतात आणि उत्तम खेळाडू ४८ पैकी ३५-४० मिनिटे खेळतो. बोस्टन सेल्टिक्सने २००६-०७ मध्ये ८२ पैकी केवळ २४ सामने जिंकले होते. २००७ च्या उन्हाळ्यात त्यांनी अदलाबदलीतून केव्हिन गार्नेट आणि रे ॲलन यांना आणले आणि पुढच्याच हंगामात ६६ सामने जिंकून विजेतेपद मिळवले. याच्या उलट लॉस एंजेलिस लेकर्सने २०१२ मध्ये कोबी ब्रायंटच्या जोडीला स्टीव्ह नॅश आणि ड्वाइट हॉवर्ड आणले, तेव्हा विजेतेपदाच्या दावेदारांत त्यांचे नाव सर्वत्र घेतले गेले. संघाने जेमतेम ४५ सामने जिंकले आणि बाद फेरीच्या पहिल्याच टप्प्यात सॅन अँटोनियोकडून चारही सामने गमावले. नॅश दुसऱ्याच सामन्यात जायबंदी झाला हे खरे, पण ब्रायंट आणि नॅश दोघेही चेंडू हातात ठेवून खेळ रचणारे होते आणि चेंडू एकच होता, ही अडचण दुखापतीआधीचीच होती. बोस्टनचा गार्नेट मुख्यतः बचाव उभा करणारा, ॲलन दुरून नेम साधणारा आणि आधीपासून असलेला पॉल पिअर्स चेंडू घेऊन आत घुसणारा होता. तिघांची कामे एकमेकांच्या आड येत नव्हती.

कबड्डीत चेंडू नसला तरी त्याच जातीची एक मर्यादित वस्तू आहे, ती म्हणजे चढाई. एका वेळी एकच खेळाडू चढाईला जातो आणि प्रत्येक चढाई ३० सेकंदांची असते, त्यामुळे ४० मिनिटांच्या सामन्यात संघाच्या वाट्याला येणाऱ्या चढाया ठरलेल्या असतात. मोठा चढाईपटू आणला म्हणजे चढाया वाढत नाहीत; त्या दुसऱ्याकडून काढून त्याला दिल्या जातात. २०२३ च्या लिलावात तेलुगू टायटन्सने पवन सेहरावतसाठी २ कोटी ६० लाखांहून अधिक मोजले, जी तोवरची सर्वांत मोठी बोली होती. त्याने दोनशेहून अधिक चढाईगुण मिळवले आणि तरीही संघाने २२ पैकी २ सामने जिंकून तळ गाठला. त्याच्या आदल्या हंगामात हाच खेळाडू तमिळ थलैवाजकडे २ कोटी २६ लाखांच्या किमतीने आला होता, पहिल्याच सामन्यात गुडघा दुखावून हंगामभर बाहेर बसला, आणि त्याच्याविना थलैवाज प्रथमच उपांत्य फेरीत पोचले. त्याच्या वाट्याच्या चढाया नरेंदर आणि अजिंक्य पवार यांनी केल्या. यावरून पवनची योग्यता कमी ठरत नाही. चढाईचा गुण मिळाल्यावर तो टिकवणारी पकडफळी नसेल तर गुणांची आवक कितीही असली तरी जावक तिला गिळते, एवढेच यातून सिद्ध होते.

पकडीच्या गुणांची नोंद ज्या रीतीने होते तीही येथे बारकाईने पाहण्याजोगी आहे, कारण अंदाज बांधणाऱ्याची सर्वांत मोठी फसगत तेथे होते. बचावात सहा किंवा सात खेळाडू असताना चढाईपटू बोनस रेषेपलीकडे एक पाय टेकवतो आणि मागचा पाय त्या क्षणी हवेत ठेवतो. त्याच निमिषात कोपरारक्षक खाली झेप घेऊन टेकलेल्या पायाचा घोटा धरतो. पण घोटा धरल्याने चढाईपटू थांबत नाही, तो मध्यरेषेकडे अंग झोकून देतो आणि हात रेषेला लागला तर झालेली पकड उलट त्याच्याच पदरात गुण टाकते. तेथे कोपऱ्याशेजारचा कव्हर, म्हणजे मधल्या फळीतला रक्षक, पुढे होऊन छातीने वाट अडवतो आणि मग उरलेले तिघेचौघे येऊन त्याला दाबतात. नोंदवहीत गुण मात्र घोटा धरणाऱ्याच्या नावावर चढतो. शादलुईच्या ९९ गुणांत संकेत सावंतच्या छातीचा वाटा किती होता हे कोणत्याच तक्त्यात दिसत नाही, आणि कोपरारक्षक संघ बदलतो तेव्हा तो कव्हर त्याच्याबरोबर जात नाही. हरयाणाला याची झळ लागली नाही, कारण जयदीप दहिया आणि राहुल सेठपाल यांची पकडफळी त्यांच्याकडे आधीच जमलेली होती, विनय आणि महाराष्ट्राचा शिवम पटारे हे तरुण चढाईपटू हाताशी होते, आणि प्रशिक्षक मनप्रीत सिंग यांनी शादलुईला चढाईसाठीही पाठवून त्याच्याकडून जादा काम करून घेतले. तोही संघ आदल्या वर्षीचा उपविजेता होता, हे विसरता कामा नये.

क्रिकेटमध्ये हाच धडा महाराष्ट्राने आणखी मोठ्या आवाजात ऐकला. नोव्हेंबर २०२३ मध्ये मुंबई इंडियन्सने हार्दिक पंड्याला गुजरात टायटन्सकडून परत आणले आणि पुढच्या महिन्यात रोहित शर्माऐवजी त्याला कर्णधार केले. गुजरातला पहिल्याच वर्षी विजेतेपद आणि दुसऱ्या वर्षी उपविजेतेपद मिळवून देणारा कर्णधार, आदल्या हंगामात चौथ्या क्रमांकावर राहिलेला मुंबईचा संघ, अशी बेरीज करणाऱ्यांना मुंबई पहिल्या दोघांत दिसत होती. २०२४ मध्ये मुंबईने १४ पैकी ४ सामने जिंकले आणि दहावा, म्हणजे शेवटचा क्रमांक मिळवला. त्याच कर्णधाराखाली २०२५ मध्ये संघ पुन्हा चौथा आला. २०२४ च्या अपयशाची जी कारणे त्या वेळी अगदी ठामपणे सांगितली गेली, ती सगळी खरी मानली तर २०२५ चे काय करायचे, याचे उत्तर देणे अवघड होते. १४ सामने ही फार लहान संख्या आहे आणि तिच्यातून चांगल्या संघाचा वाईट हंगाम सहज निघू शकतो.

म्हणूनच जाणकार अंदाज कधीही एकाच आकड्यात सांगितला जात नाही. संगणकावर एकाच हंगामाचे वेळापत्रक हजारो वेळा खेळवले जाते, प्रत्येक सामन्याचा निकाल संघांच्या अंदाजी ताकदीनुसार पण संधीला वाव ठेवून काढला जातो, आणि शेवटी हा संघ इतक्या वेळा पहिल्या दोघांत, इतक्या वेळा मधल्या क्रमांकांत आणि इतक्या वेळा तळाला गेला असे सांगितले जाते. २०२५ च्या बाराव्या हंगामात अस्लम इनामदार परतला आणि पुण्याने १८ पैकी १३ सामने जिंकून साखळीत पुन्हा पहिले स्थान घेतले. ३१ ऑक्टोबरला दिल्लीतील अंतिम सामना मात्र दबंग दिल्लीने ३१-२८ असा जिंकला. पुण्याचा कणा शाबूत आहे एवढे आदल्या वर्षीच्या आठव्या क्रमांकाकडे दुर्लक्ष करून ज्याने ओळखले, त्याचा साखळीचा अंदाज बरोबर ठरला असता. तीन गुणांचा अंतिम सामना कोणाच्या बाजूने झुकेल हे सांगण्याचे सामर्थ्य कोणत्याच पद्धतीत नाही.

नांदेड आणि लातूर या जिल्ह्यांच्या संघांना या साऱ्याचा उपयोग लिलाव न करताही होऊ शकतो. राज्य अजिंक्यपद स्पर्धेसाठी जिल्हा संघाची निवड चाचणी होते तेव्हा दरवर्षी काही जण वयोगटातून बाहेर पडतात, काही जण शिक्षणासाठी वा पोलीस भरतीच्या तयारीसाठी पुण्या-संभाजीनगरला जातात, आणि त्यांच्या जागा नव्यांनी भरायच्या असतात. हीदेखील हंगामापूर्वीची अदलाबदलच आहे. चाचणीत एकेकटा उठून दिसणारा मुलगा निवडण्याकडे स्वाभाविक कल असतो, पण गेल्या वर्षीचा डावा कोपरा आणि त्याच्या शेजारचा कव्हर हे दोघे सोबत राहणार असतील तर ती जोडी एका चमकदार नवख्यापेक्षा संघाला अधिक देऊन जाते. हे डोळ्यांच्या आठवणीवर ठरवण्याऐवजी कागदावर ठरवायचे तर लागते ती एक साधी वही: प्रत्येक चढाईपुढे चढाईपटू कोण, बचावात किती जण उभे होते, पहिला हात कोणी घातला, दुसरा कोण पोचला आणि निकाल काय लागला एवढे पाच रकाने. मैदानाबाहेर बसलेल्या राखीव खेळाडूला हे काम जमते, आणि 'दुसरा कोण पोचला' हा रकाना प्रो कबड्डीच्या जाहीर होणाऱ्या नेहमीच्या गुणतक्त्यांतही नसतो. एका स्पर्धेच्या पाचसहा सामन्यांच्या नोंदीवरून कोणाबद्दलही मत बनवू नये, कारण तेवढ्यात दानाचा भाग ताकदीला झाकून टाकतो. तालुक्याचे, जिल्ह्याचे आणि जत्रांतले सामने मिळून दोन वर्षांच्या नोंदी साठल्या की कोणत्या जोड्या खरोखर पकडी मिळवतात आणि कोणाचे गुण शेजाऱ्याच्या बळावर उभे आहेत हे वेगळे दिसू लागते, आणि तिसऱ्या वर्षीच्या चाचणीला निवड समितीच्या हाती काहीतरी ठोस असते.